कामाच्या कुत्रीसाठी परदेशातून बूट : प्रकल्प नोंदी, तुर्भे, २०२५

तारा ही लॅब्रॅडोर मादी. वय पाच, वजन २८ किलो, काम स्फोटकं हुंगण्याचं. मी तिचा हँडलर. आमचं केनेल तुर्भे एमआयडीसीत. सकाळी ऐरोलीच्या एका आयटी पार्कचं गेट आणि दुपारी उरणकडच्या गोदामाच्या आवारात ट्रेलरची तपासणी, अशी तिची ड्युटी. ठाणे-नवी मुंबईतल्या खाजगी एजन्सीतले हँडलर सारखे विचारतात की बूट कुठून घेतले, माप कसं काढलं, कस्टमला किती गेले. म्हणून सगळं तारखेवार लिहून ठेवतोय.

६ मार्च

उजव्या पुढच्या पंजाची मधली मोठी गादी सोलली. दुपारच्या तपासणीनंतर तारा पाय उचलून उभी राहिली. पंजा उलटा करून पाहिला तर काळी जाड कातडी कडेने सुटली होती आणि खाली गुलाबी, ओलं मांस दिसत होतं. डॉक्टरांनी सलाईनने धुऊन पट्टी बांधली आणि गादी भरेपर्यंत डांबरावर पाऊल नको म्हणाले. तोपर्यंत गेटवर दुसरा कुत्रा.

एजन्सीच्या साहेबांना मी स्पष्ट सांगितलं की उन्हाळा अजून पुढे आहे, आताच काही केलं नाही तर एप्रिल-मेमध्ये हेच पुन्हा होणार. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानात उन्हाने माणसं दगावली, ते आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. तेव्हापासून गार्ड लोकांना दुपारी सावली आणि पाणी मिळतं. कुत्र्याच्या पायाखालच्या जमिनीचा विचार मात्र कुणी केला नव्हता. साहेबांनी अर्धा खर्च एजन्सीचा असं कबूल केलं.

९ मार्च

इन्फ्रारेड थर्मामीटर आणला, साधारण हजार रुपये. बुटांआधी हाच घ्या. दुपारी दोनला सावलीतली हवा ३५ अंश. गेटजवळचं काँक्रीट ४९, डांबर ५७, ट्रेलर चढतात तो रंगवलेल्या चेकर्ड प्लेटचा, म्हणजे नक्षीच्या लोखंडी पत्र्याचा, रॅम्प ६१. चकचकीत लोखंडावर हा थर्मामीटर खरं तापमान दाखवत नाही, आकडा कमी येतो. रंगवलेल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावरचा आकडा धरायचा.

थर्मामीटर नसेल तर तळहाताची मागची बाजू जमिनीवर टेकवा. सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याला तिथे चालवू नका.

बुटांशिवायचे उपायही करून पाहिले. पंजाला लावायचं मेण खरचटण्यापासून थोडं वाचवतं, उष्णता अडवत नाही. रॅम्पवर ओलं गोणपाट टाकलं तर थोड्याच वेळात वाळतं आणि ट्रेलरच्या चाकाबरोबर निघून जातं. ड्युटी सकाळी दहाच्या आत आणणं सर्वांत चांगलं, पण ट्रेलर आपल्या सोयीने येत नाहीत.

वाशी आणि ठाण्याच्या पेट शॉपमध्ये मिळणारे बूट पातळ कापडाचे, खाली रबराचे ठिपके. सोसायटीत फिरवायला ठीक आहेत. रॅम्पवर चढताना पहिल्याच वळणावर निघून आले.

१४ मार्च

माप. सगळं काम इथेच जमतं किंवा बिघडतं, म्हणून सविस्तर लिहितो.

कुत्रा बसलेला असताना किंवा पंजा हातात धरून माप घेऊ नका. वजन पडलं की बोटं फाकतात आणि पंजा रुंद होतो. ताराचा पुढचा पंजा हातात धरून ६१ मिलिमीटर भरला, उभी केल्यावर ६८. सात मिलिमीटर म्हणजे अख्ख्या साइजचा फरक.

पद्धत अशी: सपाट लादीवर जाड कागद. कुत्रा त्यावर उभा. ज्या पायाचं माप घ्यायचं त्याच्या जोडीचा पाय दुसऱ्या माणसाने अलगद उचलून धरायचा, म्हणजे सगळं वजन मापाच्या पायावर येतं. पेन्सिल एकदम उभी धरून पंजाच्या दोन्ही बाजूंना सर्वांत रुंद ठिकाणी खूण करायची. पेन्सिल तिरकी झाली की खूण पंजाखाली सरकते आणि माप कमी येतं. पाय उचलल्यावर दोन खुणांमधलं अंतर मोजायचं. चारही पाय वेगवेगळे मापायचे. नखं आधी कापलेली असावीत.

ताराचं माप: पुढचे ६८ आणि ६८, मागचे ६० आणि ५९. कुत्र्याचे पुढचे पंजे मागच्यांपेक्षा रुंद असतात, कारण शरीराचं जास्त वजन पुढच्या पायांवर असतं. चार बूट एकाच साइजचे घेतले तर दोन तरी ढिले राहणारच.

पायाच्या आतल्या बाजूला वर असलेलं पाचवं नख, म्हणजे ड्यूक्लॉ, जमिनीपासून किती उंचीवर आहे तेही लिहून ठेवा. बुटाचा पट्टा नेमका तिथेच आवळला जातो आणि घासतो.

१८ मार्च

विक्रेत्यांची चाळणी. कामाच्या कुत्र्यांसाठी बूट करणाऱ्या कंपन्या थोड्याच: अमेरिकेतली रफवेअर, नॉर्वेतली नॉन-स्टॉप, कॅनडातली मटलक्स ही त्यातली माहितीची नावं. याशिवाय स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांसाठी कापडी पिशवीसारखे साधे बूट मिळतात. अलास्कातल्या इडिटारॉड शर्यतीत प्रत्येक कुत्र्यामागे असे आठ बूट जवळ बाळगण्याचा नियम आहे. ते स्वस्त पडतात, पण बर्फासाठी आहेत. तळ पातळ, तापलेल्या पत्र्याची उष्णता सरळ आत येते. पट्टीवरून घालायला उत्तम, म्हणून थोडे घेऊन ठेवले.

अमेरिकी माप इंचात असतं आणि पाव-पाव इंचाने वाढतं: सव्वादोन इंच म्हणजे ५७ मिलिमीटर, अडीच म्हणजे ६४, पावणेतीन म्हणजे ७०. युरोपातले काही मिलिमीटरमध्ये देतात, काही नुसते आकडे देतात आणि तक्ता वेगळा. काही दुकानांचा तक्ता फक्त जातीवर किंवा वजनावर असतो, "लॅब्रॅडोर : लार्ज". भारतात पाठवायला तयार असलेलं आणि परवडणारं पहिलं दुकान इंग्लंडमधलं निघालं, आणि त्यांचा तक्ता वजनाचाच होता. ईमेलवर रुंदी विचारली तर उत्तर आलं की २८ किलोला लार्जच बसतो. बाकीचे पर्याय दुप्पट किमतीचे होते. ऑर्डर दिली.

ऑर्डर देण्याआधी करायच्या दोन गोष्टी. कार्डावर परदेशी व्यवहार बहुधा बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून सुरू करून घ्या. आणि विक्रेत्याने देशाबाहेर पाठवताना तिथला कर वजा केलाय का ते पाहा. इंग्लंडमध्ये व्हॅट २० टक्के, जर्मनीत १९. आमचा सेट ४८ पौंडांचा, व्हॅट काढून ४० झाला. टपाल १४ पौंड. बँकेचं परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी धरून ६,२४० रुपये गेले.

४ एप्रिल

पार्सल टपालाने आलं. परदेशी टपाल मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्ट ऑफिसातून कस्टम होऊन येतं आणि शुल्क पोस्टमन दारात घेतो. आमच्याकडून ३,१०० रुपये घेतले, म्हणजे बिलाच्या निम्म्याच्या आसपास. हे लक्षात घ्या: शुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर नसतं, टपालखर्च मिळवून होणाऱ्या रकमेवर असतं. आधी सीमा शुल्क, मग वस्तू अधिक शुल्क या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. टपाल महाग म्हणजे करही महाग. पावतीवर "भेट" लिहून काही साधत नाही, भेटवस्तूची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली. शुल्काचे दर अर्थसंकल्पात बदलतात, तेव्हा ऑर्डरच्या दिवशीचा दर बघा.

५ ते ८ एप्रिल

बूट घालायची सवय. पहिल्या दिवशी फक्त एक पाय, केनेलमध्येच, लगेच चेंडू. दुसऱ्या दिवशी पुढचे दोन. तारा पाय उंच उचलत चालत होती, ते थोड्या वेळाने थांबतं. घाई केली आणि कुत्र्याने बूट चावायला सुरुवात केली तर मग सवय लागणं अवघड.

चारही बूट घालून आवारात नेली. पुढचे दोन घोट्याशी घट्ट होते आणि पंज्यात बरोबर बसले होते असं वाटत होतं. मागचे दोन मात्र ट्रेलरला अर्धी फेरी व्हायच्या आत गोल फिरले. तळ वर, जाळी खाली. पट्टा आणखी आवळला तर फिरणं थांबलं, पण काढल्यावर केसांमध्ये लाल वळ उमटलेला. आतून मोजलं तर बुटाची रुंदी ७२ मिलिमीटर आणि ताराचा मागचा पंजा ६०. पट्टा कितीही ओढला तरी बारा मिलिमीटरचा फरक मिटत नाही.

पुढचेही तासाभराच्या कामात ढिले पडले. पूर्ण सेट नापास.

परत पाठवायचा विचार केला. इंग्लंडला परत पाठवण्याचं टपाल बुटांच्या निम्म्या किमतीचं, आणि भरलेलं सीमा शुल्क अशा छोट्या पार्सलसाठी परत मिळवायची खटपट परवडणारी नाही. आमच्या एजन्सीच्या ठाण्याच्या साइटवर शेरू नावाचा जर्मन शेफर्ड आहे, पंजा मोठा. त्याच्या पुढच्या पायांचं माप घेतलं, ७१ भरलं. चारही बूट त्याच्याकडे गेले, पुढच्यांना दोन जोड्या.

१० एप्रिल

ही नोंद हुंगणाऱ्या कुत्र्यांच्या हँडलरनी नीट वाचावी.

नव्या बुटांना रबराचा आणि चिकटवण्याच्या सोल्युशनचा वास असतो. डबा उघडल्यावर मलाही आला. ताराचं नाक आमच्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण, आणि तिच्या चारही पायांना तो वास बांधलेला. बूट शेरूकडे जायच्या आधी एकदा सरावाचा नमुना ट्रेलरच्या मागच्या चाकाजवळ लपवला होता. रोज ती तिथे थांबते, एक खोल श्वास घेते आणि खाली बसते. बसणं हाच तिचा इशारा. त्या दिवशी ती चाकाजवळून पुढे गेली, परत आली, स्वतःच्या पायाचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि मग बसली. कामात तेवढी शंकासुद्धा चालत नाही.

उपाय: बूट साध्या पाण्याने धुऊन वाऱ्यावर टांगून ठेवायचे. सुगंधी साबण, डेटॉल, काही लावायचं नाही. मग ताराच्या अंथरुणाजवळ ठेवायचे, म्हणजे बुटाचा वास तिला घरचा होतो. वास पुरता जाईपर्यंत बूट घालून खऱ्या तपासणीला नेलं नाही. आणि दर वेळी बूट घालून एक सरावाचा नमुना शोधून घेतल्याशिवाय गेटवर उभी करत नाही.

१३ एप्रिल

आमच्या केनेलचे सुभेदार काका लष्करात कुत्र्यांच्या पथकात होते, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांचा पहिल्यापासून विरोध होता. आज रॅम्पवर येऊन उभे राहिले.

"पोरा, कुत्रं चढताना नखं रोवतं बघ. तू नखांवर टोपी घातलीस तर ते धरणार कशाला?"

"काका, पण साठ अंशाच्या पत्र्यावर अनवाणी कशी नेऊ?"

"नेऊ नको म्हणत न्हाई मी. तळ लवचिक बघ. बोटं फाकली पायजेत आतल्या आत."

काकांचं म्हणणं खरं आहे. ढिगाऱ्यावर माणसं शोधणाऱ्या कुत्र्यांना बहुतेक हँडलर बूट घालत नाहीत ते याचसाठी. तुटलेल्या स्लॅबवर तोल सांभाळायला नखं आणि फाकलेली बोटं लागतात. आमचं काम ढिगाऱ्याचं नाही, सपाट आणि तापलेल्या जमिनीचं आहे, म्हणून बूट हवेत. पण रॅम्प आहेच.

मग शेरूकडचा एक बूट आणून काकांनी हातात घेऊन दुमडून पाहिला. बोटांच्या सांध्याच्या जागी वाकायला हवा, तो मधोमध वाकत होता. रॅम्पवर पाणी ओतून बूट हाताने दाबून ओढला तर सरकला. नव्या ऑर्डरसाठी काकांच्या दोन अटी लिहून घेतल्या: तळ पुढच्या एक-तृतीयांश भागात वाकला पाहिजे, आणि बोटांखाली रबराला खाचा पाहिजेत.

१५ ते २८ एप्रिल

दुसरी ऑर्डर फक्त पुढच्या जोडीची. जर्मनीतला विक्रेता, माप मिलिमीटरमध्ये, जोडी सुटी मिळते. पाऊल कागदावर काढून त्याचा फोटो पट्टीसकट पाठवला. त्यांनी ७० ची साइज सांगितली आणि आतून पातळ मोजे घालायला सांगितलं. बूट व कुरिअर मिळून ७,३४० रुपये.

पार्सल सहार विमानतळाच्या कुरिअर टर्मिनलवर अडकलं. कुरिअर कंपनीचा फोन आला, आधी आधार-पॅनची कागदपत्रं मागितली, ती दिली. मग दुसरा फोन: पावतीवर "बूट्स" लिहिलंय, चपला-बुटांसाठीचं प्रमाणपत्र कुठे आहे? मी सांगितलं, माणसाचे नाहीत, कुत्रीचे आहेत. फोनवर ते कुणी मानेना. पार्सल तिथेच, आणि ठेवण्याचं भाडं सुरू.

सुटलं ते असं. माणसाची पादत्राणं कस्टमच्या ६४ व्या प्रकरणात येतात. प्राण्यांचं साहित्य, म्हणजे खोगीर, पट्टे, मुसकी, कुत्र्याचे कोट वगैरे, कुठल्याही कापड-चामड्याचं असलं तरी ४२०१ या शीर्षकात येतं. विक्रेत्याला ईमेल करून पावती बदलून घेतली: वर्णनात "कुत्र्यासाठी संरक्षक पंजाबूट", त्यापुढे ४२०१ हा क्रमांक. सोबत ताराचा बूट घातलेला फोटो आणि एजन्सीचं पत्र जोडलं. त्यानंतर पार्सल सुटलं. शुल्क, कुरिअरने आमच्या वतीने भरल्याची फी आणि भाडं मिळून ३,९०० रुपये. हा मधला सगळा काळ उन्हाचा होता आणि तारा सकाळच्याच ड्युटीवर राहिली.

परदेशी विक्रेत्याकडून ऑर्डर देतानाच पावतीवर हा क्रमांक आणि हे वर्णन घालायला सांगा.

२ मे

पुढची जोडी बसली. वळणावर फिरत नाही, ओल्या रॅम्पवर धरते. काकांनी स्वतः पट्टे बांधले. त्यांची युक्ती: पट्टा बांधल्यावर कुत्र्याला दहा पावलं चालवायचं, मग सोडून परत बांधायचा. चालल्यावर पंजा बुटात पुढे सरकून बसतो आणि पट्ट्यात ढिलाई येते.

ड्यूक्लॉ घासत होतं. तिथे स्वतःलाच चिकटणाऱ्या बँडेजचा एकच वेढा दिला, त्यावर मोजा, त्यावर बूट. लाली थांबली.

९ मे

मागच्या जोडीसाठी कुरिअरचा खर्च पुन्हा नको होता. परदेशातल्या पत्त्यावर माल घेऊन तो इकडे पाठवणाऱ्या फॉरवर्डिंग कंपन्यांचे दर काढले होते. त्या वजन आणि आकारमान यातलं जे जास्त ते लावतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचं. ३० बाय २० बाय १२ च्या खोक्याचं त्या हिशेबाने दीड किलोच्या आसपास वजन होतं, आत बूट अर्धा किलोचेही नसले तरी. फॉरवर्डर घ्यायचाच असेल तर बाहेरचं खोकं काढून पिशवीत भरायला सांगा.

आमच्या इथल्या अकाउंट्सच्या ताईंचा भाचा न्यू जर्सीहून सुट्टीला येणार होता. तिथल्या पत्त्यावर अडीच इंची जोडी मागवली, तिथला विक्रीकर धरून साडेचार हजार रुपये. विमानाने येणाऱ्याच्या सामानात तेव्हा, २०२५ मध्ये, ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तूंना शुल्क नव्हतं. तो आणणार होता ते बाकीचं सामान धरून सगळं त्या मर्यादेत आहे का ते आधी विचारून घेतलं. "मावशी, बॅगेत कुत्रीचे बूट आहेत म्हणून सांगू?" त्याने फोनवर विचारलं. विचारलं तर खरं ते सांग, पावती जवळ ठेव, असं ताई म्हणाल्या. कुणी विचारलं नाही.

२१ मे

चारही बूट घालून पूर्ण दुपारची तपासणी. डांबर ५९ अंश. काम झाल्यावर पंजे थंड, पण बूट आतून ओले. कुत्र्याला घाम पंजांच्या गाद्यांमधून येतो; बूट घातला की तो घाम आतच राहतो आणि कुत्र्याची थंड व्हायची एक वाट बंद होते. म्हणून ट्रेलरची एक रांग संपली की सावलीत बूट काढायचे, बोटांमधली फट पुसायची, पाणी पाजायचं, मगच पुढची रांग. सावलीत आणि आयटी पार्कच्या आतल्या लादीवर बूट घालतच नाही. जीभ नेहमीपेक्षा जास्त बाहेर आली तर काम थांबवायचं, ट्रेलर कितीही उभे असोत.

४ जून

मागच्या बुटांची टोकं झिजली. चालताना मागचा पाय जमिनीला थोडा घासत पुढे येतो, त्यामुळे तळ चांगला असूनही टोकाचं कापड गेलं. कोपरखैरणे स्टेशनजवळ बसणाऱ्या चर्मकार काकांना दाखवलं. त्यांनी चामड्याचा अर्धगोल तुकडा टोकावर ठेवला आणि सोल्युशनचा डबा हातात घेतला. मी थांबवलं, कारण सांगितलं. "वास नको होय? मग नुसती शिवण घालतो," म्हणाले, आणि मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने जवळजवळ टाके घातले. आतून गाठ न येऊ देता दोरा बाहेर काढून बांधला, म्हणजे बोटाला टोचणार नाही. दोन बुटांचे १२० रुपये घेतले. नवे बूट आले की वापरायच्या आधीच हे करून घ्या.

१९ जून

पावसाचे दिवस. जमीन गार, बुटांची गरज संपली. ओल्या दिवसांत बूट घातले तर बोटांच्या बेचक्यात बुरशी धरते. आता बूट फक्त काचा किंवा तेल सांडलेल्या जागेसाठी बॅगेत.

हिशेब: इंग्लंडचा सेट शुल्कासह ९,३४०, जर्मनीची जोडी सगळं धरून ११,२४०, न्यू जर्सीची जोडी ४,५००, मोजे, बँडेज, थर्मामीटर आणि शिवण मिळून अठराशेच्या आसपास. एकूण २७ हजारांच्या घरात. पहिला सेट शेरूला कामी आला नसता तर तो खर्च बुडालाच असता. ताराच्या गादीवर नवी कातडी पूर्ण आली आहे आणि मेमध्ये एकही दिवस पायामुळे ड्युटी चुकली नाही. डॉक्टरची फेरी, पट्ट्या आणि बदली कुत्र्याचं भाडं साहेबांनी स्वतःच मांडून पाहिलं, आणि उरलेल्या चार कुत्र्यांची मापं काढायला सांगितली.

मापं काढून झाली आहेत. चौघांच्या पुढच्या जोड्यांची ऑर्डर जानेवारीत एकत्र द्यायची, म्हणजे कुरिअर एकदाच लागेल आणि कस्टमला वेळ गेला तरी मार्चच्या आत बूट हातात येतील. पावतीवर ४२०१ घालायला विक्रेत्याला आत्ताच लिहून ठेवलंय.